सहा फुटी टाकीला राखीव फिल्टर जोडताना

मुलुंडला चौथ्या मजल्यावरील आपल्या घरात सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी गोड्या पाण्यातील माशांची टाकी आहे. तिच्यात दोन ऑस्कर, दोन सेव्हरम, सहा सिल्व्हर डॉलर आणि एक मोठा प्लेको होता आणि हा सारा संसार ताशी २००० लिटर क्षमतेच्या एकाच कॅनिस्टरवर, म्हणजे टाकीबाहेरच्या सीलबंद डब्यातील फिल्टरवर, चालत होता. गणपतीत आपण पाच दिवस चिपळूणकडे गावी गेलात, मधल्या काळात कॅनिस्टर बंद पडला, शेजारच्या काकूंनी आपण सांगितल्याप्रमाणे दोन वेळा खाणे घालणे चालू ठेवले आणि परतल्यावर एक ऑस्कर व चार सिल्व्हर डॉलर मेलेले आढळले. आता तसाच दुसरा कॅनिस्टर घ्यावा की टाकीखाली संप (पाणी गाळून पुन्हा वर चढवणारी दुसरी टाकी) बांधावा, आणि घरच्या इन्व्हर्टरवर हे सगळे किती वेळ चालेल, असे आपण विचारले आहे.

आधी उत्तर देतो आणि मग कारणे सांगतो. तसाच दुसरा कॅनिस्टर घेऊ नका आणि या टाकीसाठी संपही बांधू नका. आहे तो कॅनिस्टर नवा इम्पेलर (पंपातले पाणी ढकलणारे फिरते चाक) बसवून चालू ठेवावा, त्याच्या जोडीला हवेवर चालणारे दोन मोठे स्पंज फिल्टर कायमचे टाकीत बसवावेत आणि त्यांचा एअर पंप वीज गेल्यावर आपोआप बॅटरीवर जाईल अशी सोय करावी. पुढेमागे हौस आणि जागा असेल तर वर एक टॉप फिल्टर बसवता येईल. मुख्य फिल्टर ज्या कारणाने बंद पडतो, त्याच कारणाने राखीव फिल्टरही बंद पडत असेल तर तो राखीव राहत नाही. टाकी मोठी असली की बहुतेक जण ही गोष्ट विसरतात आणि एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर दोन सारखी यंत्रे लावून निर्धास्त होतात.

आपल्या घरी नेमके काय झाले असावे याचा अंदाज मला आपल्याच एका वाक्यावरून आला. इम्पेलरचा लोहचुंबक झिजलेला होता आणि दांड्यावर पांढरट थर बसला होता, असे आपण लिहिले आहे. अशा अवस्थेतला इम्पेलर फिरत असतो तोवर महिनोन्महिने फिरत राहतो, कारण फिरत्या वस्तूला फिरते ठेवायला थोडाच जोर लागतो. पण वीज दोन मिनिटांसाठी जाऊन परत आली की त्याला स्थिर अवस्थेतून पुन्हा गती घ्यावी लागते आणि तेवढा जोर त्याच्यात उरलेला नसतो. मोटर गुणगुणते, थोडी तापते आणि पाणी मात्र हलत नाही. आपण गावी असताना मुलुंडला वीज क्षणभर जाऊन आली असेल, तेवढे पुरले असेल. आता विचार करा, त्याच वयाचा आणि त्याच बनावटीचा दुसरा कॅनिस्टर शेजारी असता तर त्या दोन मिनिटांनी तोही बंद पडण्याची शक्यता किती वाढली असती!

दुसरा धागा प्लेकोचा आहे. प्लेको जगला हे आपण योगायोग म्हणून लिहिले आहे, मला तो पुरावा वाटतो. प्लेको पाण्यातला प्राणवायू कमी पडला की पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि ती जठराच्या भित्तिकेतून शोषून घेऊ शकतो. सिल्व्हर डॉलरला ही सोय नाही, शिवाय तो सतत पोहणारा मासा असल्याने त्याची गरज जास्त. म्हणजे आपल्या टाकीत पहिला घाव अमोनियाचा नसून प्राणवायूचा होता, असे मला वाटते. २५ अंश सेल्सिअसला हवेशी समतोल असलेल्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो सुमारे ७.५ वर येतो, आणि मुंबईत पंख्याखालची टाकीसुद्धा वर्षातले बरेच महिने २८ ते ३० अंशांच्या घरात असते. कॅनिस्टरचे पाणी परत सोडणारी नळी आपण आवाज नको म्हणून पाण्याखाली ठेवली होती. पंप चालू असताना प्रवाहामुळे पृष्ठभाग थोडा तरी हलत असे, तो बंद पडल्यावर सहा बाय दोन फुटांचे ते पाणी तळ्यासारखे निश्चल झाले. पृष्ठभाग हलत नसेल तर वरच्या थरातला प्राणवायू खाली उतरायला फार वेळ लागतो.

अमोनियाचा हिशेबही मांडून ठेवतो, कारण राखीव फिल्टर किती मोठा हवा हे त्यावरून ठरते. मत्स्यशेतीत वापरले जाणारे एक ठोकळ सूत्र आहे: खाद्याचे वजन, त्यातील प्रथिनांचे प्रमाण आणि ०.०९२ यांचा गुणाकार केला की रोज तयार होणाऱ्या अमोनियातील नायट्रोजनचे वजन मिळते. आपले मासे रोज साधारण २० ग्रॅम गोळ्या खात असतील आणि त्यात ४० टक्के प्रथिने असतील, तर हा आकडा सुमारे ०.७४ ग्रॅम येतो. सहा बाय दोन बाय दोन फूट म्हणजे ६८० लिटर, परंतु काठ सोडलेली जागा, खडी आणि लाकूड वजा केल्यावर प्रत्यक्ष पाणी ५७० लिटरच्या आसपास राहते. म्हणजे फिल्टर पूर्ण थांबला तर रोज लिटरमागे सुमारे १.३ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन साठत जाईल. खडीवर आणि काचेवर जे जीवाणू असतात ते यातला काही भाग उचलतात, पण सगळा नाही. या अमोनियाचा विषारी भाग किती, हे पीएच ठरवतो. ३० अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ असेल तर तोच भाग साडेसात टक्क्यांच्या आसपास जातो. आपल्या सोसायटीत महापालिकेच्या पाण्यात बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळते का, हे म्हणून एकदा विचारून घ्या. भातसा, तानसा, वैतरणा या धरणांतून येणारे पाणी तसे मऊ असते, बोअरचे पाणी मिसळले की त्याचा स्वभाव बदलतो, आणि एकाच इमारतीत उन्हाळ्यात व पावसाळ्यात दोन वेगळी पाणी मिळतात असे मी अनेकदा पाहिले आहे.

आता मुख्य मुद्दा. फिल्टर म्हणजे डबा, पंप आणि त्यात भरलेल्या सच्छिद्र सिरॅमिक रिंगा नसून त्या रिंगांवर वाढलेला जीवाणूंचा थर असतो. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे हे जीवाणू अतिशय सावकाश वाढतात. दही लावल्यासारखे रात्रीत विरजत नाहीत, अनुकूल परिस्थितीतही त्यांची संख्या दुप्पट व्हायला दिवसभराच्या आसपास वेळ लागतो. त्यामुळे माळ्यावर खोक्यात ठेवलेला कोरा फिल्टर आणीबाणीच्या दिवशी फक्त पाणी फिरवतो आणि प्राणवायू देतो. तेही कमी नाही, पण अमोनिया उचलण्याचे काम त्याला चार ते सहा आठवडे जमत नाही. राखीव फिल्टर आजपासून, मुख्य फिल्टर धडधाकट असतानाच, त्याच टाकीत रोज चालला पाहिजे.

याला एक पुरवणी जोडतो, जी दुकानात कोणी सांगत नाही. टाकीतल्या जीवाणूंची एकूण संख्या फिल्टर किती आहेत यावर ठरत नाही, त्यांना किती अमोनिया मिळतो यावर ठरते. एकाचे दोन फिल्टर केले तर जीवाणू दुप्पट होत नाहीत, तेवढेच जीवाणू दोन घरांत वाटले जातात. म्हणून दोनपैकी एक फिल्टर बंद पडला तर उरलेला फिल्टर पहिल्या दिवशी निम्म्याच्या आसपासच काम करतो आणि पुढच्या काही दिवसांत वाढून गरज भागवतो. त्या दिवसांत खाणे बंद किंवा अगदी थोडे ठेवले की मासे निभावून जातात. याच कारणाने दोन्ही फिल्टर एकाच आठवड्यात कधीही धुऊ नयेत. आणि दुसरा फिल्टर लावला म्हणून आणखी दोन मासे आणू नयेत, तसे केले की राखीव म्हणून जे होते ते रोजच्या गरजेत खर्ची पडते.

बंद पडलेल्या कॅनिस्टरचा आणखी एक दोष मला अनुभवाने कळला, आणि तो अनुभव महागात पडला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी कलिन्याला राहत होतो. आमच्या इमारतीत खाली पाणी भरले, मीटरच्या खोलीपर्यंत पाणी चढल्याने वीज बंद करावी लागली आणि ती परत यायला दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत मी आणि माझी पत्नी आळीपाळीने मगने पाणी उचलून पुन्हा टाकीत उंचावरून ओतत होतो. सगळे मासे जगले. वीज आल्यावर मोठ्या आनंदाने कॅनिस्टरचे बटण दाबले आणि तासाभरात माझे चार मासे गेले. सीलबंद डब्यात अडकलेल्या पाण्यातला प्राणवायू तिथल्या जीवाणूंनीच पहिल्या काही तासांत संपवलेला असतो, मग ते मरू लागतात, साचलेला गाळ कुजतो आणि त्यात हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू तयार होतात. पंप सुरू होताच हे सडके पाणी एका झटक्यात टाकीत येते. तेव्हापासून माझा नियम असा आहे की कॅनिस्टर दोन-तीन तासांहून जास्त बंद राहिला तर तो टाकीपासून सोडवावा, आतले पाणी मोरीत ओतावे, वास घ्यावा, रिंगा टाकीच्या पाण्यात विसळाव्यात आणि मगच चालू करावा. अंड्यासारखा कुजका वास आला तर त्यातले जीवाणू बहुतेक गेले असे समजून पुढचे तीन आठवडे तो फिल्टर नवा आहे असे धरून चालावे.

स्पंज फिल्टर इथे उजवा ठरतो. तो टाकीतच असतो, उघडा असतो. हवा थांबली तरी त्याच्याभोवतीचे पाणी टाकीचेच पाणी असते, त्यामुळे टाकीत प्राणवायू आहे तोवर त्याचे जीवाणू तग धरतात, आणि पुन्हा हवा सुरू झाल्यावर टाकीत सडके पाणी ओतले जाण्याचा धोका फार कमी असतो. त्यात फिरणारा एकही भाग नाही, त्यामुळे अडकायला काही नाही. शिवाय बुडबुडे वर येताना पृष्ठभाग सतत हलवतात. म्हणजे आपल्या टाकीत ज्या दोन गोष्टी एकाच वेळी थांबल्या, त्या दोन्ही याच्यात एकत्र आहेत. दिसायला तो कुरूप आहे हे मान्य. लाकडाच्या मागे किंवा मागच्या दोन कोपऱ्यांत ठेवला तर फारसा खुपत नाही.

आपल्या टाकीसाठी दुकानात मिळणाऱ्या लहान स्पंजांच्या जोड्या चालणार नाहीत. मोठ्या टाकीसाठीचा, जड बूड असलेला, निदान पाच-सहा इंच व्यासाचा आणि तेवढ्याच किंवा जास्त उंचीचा स्पंज घ्यावा, असे दोन, टाकीच्या दोन टोकांना. स्पंज बारीक छिद्रांचा नको, कारण ऑस्कर खाताना अन्नाचा भुगा करतो आणि बारीक स्पंज आठवड्यात तुंबतो. ऑस्करची दुसरी सवय म्हणजे टाकीतले सामान हलवणे. हलका स्पंज तो दोन दिवसांत उपटून वर आणतो, म्हणून बुडाला काचेची किंवा ग्रॅनाइटची पट्टी सिलिकॉनने चिकटवून घ्या. बुडबुडे वर नेणारी उभी नळी पृष्ठभागाच्या अगदी जवळ यावी, कारण नळी जितकी उंच तितके पाणी जास्त ओढले जाते. नळीत हवा मोठ्या बुडबुड्यांऐवजी लहान एअर स्टोनमधून (बारीक बुडबुडे करणाऱ्या सच्छिद्र दगडातून) सोडली तर आवाज कमी होतो.

एअर पंप निवडताना लक्षात घ्यावे की दोन फूट पाण्याच्या तळाशी हवा ढकलायला स्वस्तातले लहान पंप कष्टाने पुरतात आणि त्यांचा रबरी पडदा वर्षभरात फाटतो. दोन तोंडांचा, थोडा मोठा पंप घ्या आणि पडद्याचा जादा संच घरात ठेवा. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवता आला तर सर्वोत्तम. कपाटात खाली ठेवावा लागत असेल तर प्रत्येक नळीत चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने वाट देणारी झडप, बसवा, अन्यथा वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे येऊन पंपात आणि तिथून जमिनीवर येईल. चेक व्हॉल्व्हही कायम टिकत नाहीत. मी ते दर दिवाळीला साफसफाईच्या वेळी बदलतो, म्हणजे तारीख लक्षात ठेवावी लागत नाही.

दोन्ही स्पंज बसवताना सुरुवातीला त्यांच्यात जीव ओतण्याची सोपी पद्धत आहे. बादलीत टाकीचेच पाणी घ्या, कॅनिस्टरमधला जुना स्पंज त्यात पिळा आणि त्या तपकिरी पाण्यात नवे स्पंज दोन-तीन वेळा दाबून भिजवा. टाकी दोन दिवस थोडी गढूळ दिसेल, घाबरू नका. पुढे स्पंज धुतानाही टाकीच्या पाण्यातच पिळायचे, नळाखाली अजिबात धरायचे नाहीत, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरिन जीवाणू मारण्यासाठीच घातलेले असते. एका पंधरवड्यात डावा, पुढच्या पंधरवड्यात उजवा असा क्रम ठेवा.

कॅनिस्टरकडेही थोडे पाहू. खोक्यावर लिहिलेला ताशी २००० लिटरचा आकडा हा डबा रिकामा असताना आणि पाणी वर चढवायचे नसताना मोजलेला असतो. आपण स्वतः मोजा: बाहेर येणारी नळी दहा लिटरच्या बादलीत धरा आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. ३६ सेकंद लागले तर प्रवाह ताशी १००० लिटर आहे. आपल्या टाकीला मला दोन्ही यंत्रणा मिळून ताशी २००० ते २५०० लिटर हवे आहेत आणि स्पंज धरून ते सहज होईल. बादलीचा हा आकडा टाकीच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. तो एक तृतीयांश घटला की डबा उघडायची वेळ झाली असे समजा, ठरावीक महिन्यांची वाट पाहू नका. इम्पेलर मात्र दर तीन महिन्यांनी काढून, त्याची खाच जुन्या टूथब्रशने घासून, पुन्हा बसवावा. जादा इम्पेलर, सिरॅमिक दांडा आणि झाकणाची ओ-रिंग या तीन वस्तू कपाटात असाव्यात. सणासुदीच्या दिवशी त्या क्रॉफर्ड मार्केटमध्येही मिळतीलच असे नाही, आणि फिल्टर बंद पडायला मुहूर्त सणाचाच सापडतो. परत येणारी नळी आता पाण्याच्या वर, पृष्ठभाग खळबळेल अशी ठेवा. आवाजाची सवय आठवड्यात होते.

टॉप फिल्टरविषयी थोडेच. टाकीच्या काठावर बसणाऱ्या या उघड्या डब्यात लहान पंप पाणी चढवतो आणि ते रिंगांसारख्या गाळण्याच्या साहित्यावरून झिरपून खाली येते. पंप थांबला तर पाणी निथळून जाते, पण रिंगा ओलसर राहतात आणि त्यांना हवा मिळत राहते. मुंबईच्या दमट हवेत अशा ओल्या रिंगांवरचे जीवाणू कॅनिस्टरमधल्यापेक्षा बराच जास्त वेळ टिकतात. झाकणाखाली जागा असेल आणि दिव्याला अडथळा होत नसेल तर तिसरा फिल्टर म्हणून तो चांगला आहे.

संपाला मी नाही का म्हणतो? यंत्रणा म्हणून संप उत्तम आहे, नवी टाकी बांधत असता तर मी तोच सुचवला असता. परंतु आपल्या टाकीला तळाशी भोक नाही, भरलेली टाकी रिकामी करून भोक पाडणे म्हणजे माशांचे स्थलांतर, आणि काच टफन्ड (तापवून कडक केलेली) असेल तर भोक पाडताच येत नाही. काठावरून सायफनने पाणी खाली आणणाऱ्या पेट्या मिळतात, त्यांच्यात वीज जाऊन आल्यावर सायफन तुटण्याचा धोका राहतो. तो तुटला तर खालचा पंप पाणी वर चढवत राहतो आणि वरून ते जमिनीवर सांडते. आपल्या टाकीत पाण्याची पातळी एक सेंटिमीटर बदलली तर ११ लिटर पाणी इकडचे तिकडे होते. तीन सेंटिमीटरच्या चुकीने तेहतीस लिटर पाणी खालच्या मजल्याच्या छतात जाईल आणि मग सोसायटीच्या बैठकीत टाकीचाच विषय निघेल. वजनाचाही विचार आहे. पाणी, १२ मिलिमीटर काच, खडी आणि स्टँड मिळून आपली टाकी आजच ८५० ते ९०० किलोंच्या घरात असेल. घरातील खोल्यांच्या लादीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार गृहीत धरतात, टाकीचा पाया मात्र जेमतेम १.१ चौरस मीटर आहे. टाकी तुळईजवळ, भिंतीला लागून असल्याने आणि आजूबाजूची जागा मोकळी असल्याने चालून जाते, तरी संपाच्या रूपाने त्याच जागी आणखी सव्वाशे-दीडशे किलो ठेवण्याआधी इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचे मत घ्यायला हवे.

विजेचा भाग नीट वाचा, कारण राखीव फिल्टरची खरी परीक्षा इथे आहे. कॅनिस्टर आणि एअर पंप एकाच बोर्डावर लावू नका. घरात गळती प्रवाहावर तुटणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी असावा आणि पाण्यात उपकरणे असलेल्या घरात तो असलाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण कॅनिस्टरच्या मोटरमध्ये ओल शिरली की तो तुटतो आणि त्यावरचे सगळेच बंद होते, म्हणजे सुरक्षिततेसाठी बसवलेले यंत्र एका बिघाडाने दोन्ही फिल्टर थांबवते. इलेक्ट्रिशियनला सांगून कॅनिस्टरच्या आणि एअर पंपाच्या प्लगला स्वतंत्र संरक्षण द्या. प्रत्येक वायरला प्लगपूर्वी खाली झोल ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी झोलातून जमिनीवर टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

इन्व्हर्टरचा हिशेब असा. १२ व्होल्ट, १५० अँपियर-तासांच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. बॅटरीचे वय आणि रूपांतरातला तोटा धरून मी त्यातले निम्मे, ९०० वॅट-तासच मोजतो. कॅनिस्टरचे ३५ वॅट, एअर पंपाचे १० आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा सुमारे १५ मिळून ६० वॅट झाले, म्हणजे फक्त टाकी असेल तर १५ तास. पण त्याच इन्व्हर्टरवर घरचे दोन पंखे आणि दिवे असतील तर एकूण भार २४० वॅटच्या आसपास जातो आणि चार तासांत बॅटरी संपते, आणि ती संपताना मासे व माणसे यांच्यात ती भेद करत नाही. आपला इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्ह प्रकारचा असेल तर कॅनिस्टरची मोटर त्यावर घरघरते, तापते आणि कधी सुरूच होत नाही. साइन वेव्ह असेल तर अडचण नाही.

यासाठीच एअर पंप घरच्या इन्व्हर्टरवर अवलंबून ठेवू नये. चार्जिंगचे एअर पंप मिळतात, ते प्लगला लावून ठेवले की वीज जाताच आपोआप सुरू होतात. घेताना एकदा प्लग काढून तो खरोखर आपोआप सुरू होतो का हे दुकानातच पाहा, कारण काहींना बटण दाबावे लागते आणि आपण चिपळूणला असताना बटण दाबणार कोण? थोडी खटपट करणाऱ्यांसाठी याहून चांगला मार्ग म्हणजे १२ व्होल्टवर चालणारा ५ वॅटचा पंप आणि ७ अँपियर-तासांची लहान बॅटरी. तिच्यात ८४ वॅट-तास असतात, निम्मे धरले तरी आठ तास निघतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ग्रिड कोसळून मुंबईची वीज गेली तेव्हा माझ्याकडे अशीच सोय होती आणि वीज आली तेव्हा बॅटरीत भरपूर शिल्लक होती. २००५ सारखे दोन दिवस मात्र ती पुरणार नाही. तशा प्रसंगी बॅटरीवरचा पंप एक तास चालू, एक तास बंद असा चालवावा आणि खाणे पूर्ण थांबवावे.

दुसऱ्या फिल्टरने एक काम होत नाही, ते म्हणजे नायट्रेट बाहेर काढणे. आपण पूर्वीप्रमाणेच दर आठवड्याला तीस-चाळीस टक्के पाणी बदलायचे आहे. मुंबईच्या मऊ पाण्यात याला आणखी एक कारण आहे. अमोनियाचे नायट्रेट होताना पाण्यातली क्षारता (पीएच घसरू न देणारी ताकद) खर्च होते, पाणी महिनोन्महिने बदलले नाही तर पीएच सहाच्या खाली सरकतो आणि तिथे जीवाणू जवळजवळ काम थांबवतात. त्या वेळी टाकी वरवर निरोगी दिसते, कारण कमी पीएचमध्ये साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. मग कोणीतरी एकदम सत्तर टक्के पाणी बदलतो, पीएच वर जातो आणि तोच अमोनिया विषारी होतो. आपण जास्त दिवस चुकवले असतील तर रोज दहा टक्के याप्रमाणे हळूहळू परत या.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात कॅनिस्टरचा इम्पेलर बदला, पण रिंगा धुऊ नका. त्याच दिवशी दोन्ही स्पंज बसवा. सहा आठवडे नवा मासा आणू नका. मग आपण दिवसभर घरी असाल अशा एका रविवारी सकाळी कॅनिस्टर मुद्दाम बंद करा, त्याचे झाकण उघडून रिंगा टाकीच्या पाण्याने भरलेल्या बादलीत एअर स्टोन सोडून ठेवा आणि मासे फक्त स्पंजांवर चोवीस तास चालवा. संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अमोनिया मोजा. द्रावणाच्या थेंबांचा किट वापरा, कागदी पट्ट्यांवर या कामासाठी मी विसंबत नाही. आकडा शून्याजवळ राहिला तर आपला राखीव फिल्टर तयार झाला आहे. लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅमच्या वर गेला तर कॅनिस्टर परत जोडा, आणखी तीन आठवडे थांबा आणि पुन्हा पाहा. त्याच रविवारी एअर पंपाचा प्लगही काढून बॅटरी किती तास टिकते ते घड्याळ लावून बघा.

राहिला काकूंचा प्रश्न. त्यांना दोष देऊ नका, त्यांनी सांगितले तेच केले. मोठे ऑस्कर आणि सिल्व्हर डॉलर पाच-सात दिवस उपाशी आरामात राहतात, आणि खाणे बंद केले की अमोनियाही बराच कमी तयार होतो. पुढच्या गणपतीत काकूंना खाण्याचा डबा देऊच नका. टाकीवर मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी लावा: रोज सकाळी फक्त बुडबुडे येत आहेत का ते पाहावे, खाणे घालू नये. बुडबुडे नसतील तर लाल प्लग काढून परत लावावा, तरीही येत नसतील तर मला फोन करावा. एअर पंपाच्या प्लगला लाल टेप गुंडाळायला विसरू नका, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी काकूंना घरी बोलावून तो प्लग त्यांच्याच हाताने एकदा काढून लावून घ्या.